मावशीच्या आवाजाची हद्द

तुम्ही खोटं बोलताय, आणि तेही लेखी. फोनच्या पडद्यावर स्वच्छ अक्षरांत लिहिता, ‘हा कार्यक्रम आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही.’ कुठला प्रदेश? कुणी आखला? कधी मोजला? तुमच्याकडे खुंटी नाही, दगड नाही, मोजणीचा एक चिटोरा नाही. माणसाला हद्दीबाहेर काढायचं, आणि हद्द कुठे आहे असं त्यानं विचारलं की ‘ॲप अपडेट करा’ म्हणायचं. याला सभ्य भाषेत जो शब्द आहे तो वर वापरलेला आहे. दुसरा राखून ठेवला आहे.

बरं, हद्दीबाहेर काढलंत कुणाला, याची तरी चौकशी करायची होती. या गृहस्थांनी चौतीस वर्षं मोजणी खात्यात दुसरं काही केलं नाही, फक्त हद्दी कायम केल्या. लोक त्यांना मोजणीदार म्हणतात, निवृत्त झाल्यावरही म्हणतात. भांडणारे दोन शेजारी हातात फावडी घेऊन समोरासमोर उभे असताना मधून टेप ओढत नेणारा हा माणूस. घरातला ओटा पाऊण इंचानं तिरका आहे हे त्यांनी लग्नानंतर तिसऱ्या दिवशी बायकोला सांगितलं. तेव्हापासून बायकोनं त्यांना ओट्याजवळ फिरकू दिलेलं नाही. पण ओटा तिरका आहे, हे ती आजही नाकारत नाही. असा माणूस आहे. यांना तुम्ही ‘प्रदेश’ सांगता.

तर झालं होतं असं. मोजणीदारांची आई ऐंशी वर्षांची. छत्तीस किलोमीटरवरचं शहर हे तिचं माहेर, आणि तिथल्या छोट्या रेडिओ केंद्रावर तिची धाकटी बहीण, म्हणजे मोजणीदारांची मावशी, अडतीस वर्षं सकाळी अकराला ‘शहरासाठी सूचना’ वाचते. कुठल्या गल्लीत पाणी कधी येणार, कुठे वीज जाणार, कोणती बस कुठून वळवली, कुणाची छत्री कुठे सापडली. दहा मिनिटं. शेवटी वाक्य ठरलेलं, ‘सूचनांमध्ये चूक आढळल्यास कळवा,’ आणि पुढे केंद्राचा नंबर.

दोघींत सोळा वर्षांचं अंतर. मावशीला अक्षरं गिरवायला आईनंच शिकवलं होतं, आणि शिकवणारीला चूक दिसली की गप्प बसवत नाही. अकरा वर्षांपूर्वी माहेरचं टाकीच्या गल्लीतलं घर विकलं, तेव्हा सगळे नातेवाईक जमलेले असताना आई म्हणाली, “परवा तू एक नंबर चुकीचा वाचलास.” मावशी म्हणाली, “नाही वाचला.” नंतर कळलं की खरंच नव्हता वाचला. पण तोवर दोन वाक्यं होऊन गेली होती. मावशी म्हणाली, “माझी एक तरी चूक काढून दाखव, मगच मला फोन कर.” आई म्हणाली, “तुझ्या या गावात मी पाऊल ठेवणार नाही.”

झालं. तेव्हापासून आई रोज अकराला रेडिओ कानाशी लावून बसते. समोर वही. शिकवणीचे कागद तपासावेत तशी ऐकते. कुणी विचारलं तर सांगते, “मी तिच्या चुका काढायला ऐकते.” वहीत रोजची तारीख आणि तारखेपुढे एकच शब्द: बरोबर. बरोबर. बरोबर. अकरा वर्षं, सात वह्या. मोजणीदारांनी एकदा चाळून पाहिल्या आणि गुपचूप जागेवर ठेवल्या.

आणि तुम्ही काय केलंत? केंद्राचा मनोरा पाडलात. म्हणे आता सगळं मोबाइलवर, रेडिओ तिथेच, टीव्ही तिथेच. आईच्या रेडिओतून अकराला नुसती खरखर यायला लागली. ती खरखरसुद्धा तिनं दहा मिनिटं पूर्ण ऐकली आणि वहीत लिहिलं, ‘ऐकू आलं नाही.’ त्याच आठवड्यात पेपरात कोपऱ्यात बातमी आली. दोनदा मुदतवाढ मिळालेली मावशी येत्या शनिवारी शेवटच्या सूचना वाचून निवृत्त होणार.

आईनं बातमी वाचली, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“शेवटच्या दिवशी माणूस गडबडतं,” ती म्हणाली. “शनिवारी नक्की चुकेल. मला ते ऐकायचंय.”

आईला काय ऐकायचं होतं ते घरात सगळ्यांना कळलं. मोजणीदारांनी ॲप उतरवलं, केंद्र शोधलं, बटण दाबलं. आणि तुमचं ते वाक्य आलं.

सल्ला देणारा पहिला माणूस वरच्या मजल्यावरून आला. ते विम्याचं काम करतात. लोकांना मरणानंतरचं समजावून सांगायची सवय असल्यामुळे जिवंतपणीच्या अडचणी त्यांना किरकोळ वाटतात.

“सोपं आहे हो,” विमावाले म्हणाले. “फोन दुसऱ्या देशात आहे असं भासवणारं एक ॲप मिळतं. वहिनींचा फोन द्या इकडे.”

“माझाच का?” बायकोनं विचारलं.

“यांचा जुना आहे. परदेशात टिकायचा नाही.”

देशांची यादी उघडली. एक्कावन्न देश. बर्फाचे, वाळवंटाचे, एक तर नुसतं बेट. मोजणीदारांनी ती चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली.

“यात ते शहर कुठाय?”

“शहर नसतं हो, देश असतो.”

“छत्तीस किलोमीटरवर जायचंय.”

“तेवढं जवळचं नाही जात ते,” विमावाले म्हणाले, आणि ‘आधी जाऊन तर बघू’ म्हणून त्यांनी एका थंड देशावर बोट ठेवलं. बायकोचा फोन गेला. तुमच्या ॲपनं सांगितलं, ‘हा कार्यक्रम आपल्या देशात उपलब्ध नाही.’ म्हणजे आधी निदान देश तरी होता, तोही गेला. हवामान उणे अकरा दिसायला लागलं. टीव्हीचं बटण दाबलं तर कुठल्या तरी सभागृहात सहाजण कोट घालून एका पुलाविषयी गंभीरपणे बोलत होते. विमावाल्यांनी फोन मायदेशी आणायचा प्रयत्न केला, तेव्हा त्याला संशय आला की आपल्याला चोरानं नेलंय. तो प्रश्न विचारू लागला. ‘तुमच्या आवडत्या शिक्षकांचं नाव?’



“अहो सांगा ना,” विमावाले म्हणाले.

“मला एकही शिक्षक आवडत नव्हते. तेव्हा काहीतरी ठोकून दिलं होतं.”

बायकोनं शाळेतले अठरा शिक्षक आठवले. फोननं एकालाही ओळखलं नाही आणि कायमचा मिटला. त्याला घेऊन ती मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेली. त्यानं फोन उलटसुलट पाहिला, “कोणी हात लावला होता?” असं डॉक्टरी आवाजात विचारलं आणि आठ दिवसांनी या म्हणाला. ही गोष्ट सोमवारची. म्हणजे आता घरात एकच फोन चालू होता, मोजणीदारांचा, परदेशात न टिकणारा.

मंगळवारी त्यांनी हेल्पलाइनला फोन लावला. बाईचा आवाज गोड होता आणि तिला राग येत नव्हता. ही गोष्ट मोजणीदारांना सर्वांत जास्त झोंबली.

“सर, आपलं लोकेशन केंद्राच्या प्रदेशात येत नाही.”

“प्रदेश कुठून सुरू होतो?”

“फोन ज्या टॉवरला जोडलेला असेल त्यावर असतं ते, सर. टॉवरवर गर्दी असली की फोन दुसऱ्या टॉवरला जातो. मग प्रदेश थोडा इकडेतिकडे होऊ शकतो.”

“हद्द गर्दी बघून हलत नसते, बाई.”

“आमची हलते, सर. आणखी काही मदत करू?”

बुधवारी ते तुमच्या कार्यालयात गेले. काचेमागच्या कारकुनानं ऐकून घेतलं आणि सांगितलं की प्रदेश-नोंदीचा अर्ज ॲपमध्येच भरावा लागतो. आणि तो अर्ज फक्त प्रदेशात असतानाच उघडतो.

“म्हणजे जो आत आहे त्यालाच आत येण्याचा अर्ज करता येतो?”

“त्यांचे भराभर मंजूर होतात,” कारकून म्हणाला.

“मला प्रदेशाचा नकाशा दाखवा.”

“नकाशा नाही.”

“मग प्रदेश कशावर आहे?”

कारकुनानं जरा विचार केला. खोटं बोलण्याइतका तो वरच्या हुद्द्यावर नव्हता. “आमच्याकडे प्रदेश आहे,” तो म्हणाला, “नकाशा नाही.”

मोजणीदार घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा बायकोनं वीस वर्षांत पाहिला नव्हता इतका शांत होता. त्यांनी माळ्यावरून जुनी पेटी काढली. टेप, ओळंबा, खुंट्या, फक्कीची पिशवी. टेप फडक्यानं पुसली.

“काय करताय?” बायकोनं विचारलं.

“त्यांना हद्द माहीत नाही. मी काढून देतो.”

इथे एक बारीक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आईनं शपथ घेतली होती ती शहरात पाऊल न ठेवण्याची. आणि शहर कुठे सुरू होतं हे या जगात एका माणसाला इंचानं ठाऊक होतं. हमरस्त्याला डाव्या अंगाला शहर हद्दीचा दगड आहे, तो सव्वीस वर्षांपूर्वी स्वतः मोजणीदारांनी रोवलाय. आता समजा, तुमचा प्रदेश त्या दगडाच्या थोडा अलीकडेच सुरू होत असेल, तर मध्ये एक पट्टा उरतो. रेडिओच्या आत, पण शहराच्या बाहेर. तेवढ्या पट्ट्यात आईला खुर्ची टाकून बसवायचं, शपथही राहते आणि मावशीही ऐकू येते. बायकोनं हे ऐकलं, आणि यांच्या नोकरीचा संसाराला एकदा तरी उपयोग होतोय असं काहीसं तिच्या तोंडून निघून गेलं.

गुरुवारी दोघं गेली. गाडी बायकोच चालवते, कारण मोजणीदार रस्त्यावरून जाताना रस्त्याची रुंदी बघतात. शहर जवळ आलं तशी त्यांनी गाडी थांबवून पायी सुरुवात केली. दहा पावलं टाकायची, ॲप उघडायचं, वाक्य वाचायचं, आणखी दहा पावलं. एका टायरच्या दुकानासमोर फोनमधून एकदम बँड वाजायला लागला. एक पाऊल मागे, गप्प. एक पाऊल पुढे, बँड. त्यांनी फक्कीची रेघ मारली. ती दुकानाबाहेरच्या लाकडी बाकाच्या बरोबर मधून गेली. बाकाचं डावं टोक प्रदेशाबाहेर, उजवं आत. तिथून हद्दीच्या दगडापर्यंत त्यांनी टेप टाकली: दोनशे ऐंशी मीटर. ऐसपैस जागा होती.

टायरवाला हातातलं काम टाकून बाहेर आला. रस्त्याकडेला टेप, खुंटी, फक्की आणि सरकारी चेहरा. त्याचा रंग उतरला.

“साहेब, रस्ता रुंद होणार का?”

“नाही नाही. आईला रेडिओ ऐकायचाय.”

टायरवाल्यानं चौतीस वर्षांत... म्हणजे दुकानाला चौतीस नव्हे, नऊच वर्षं झाली होती, पण नऊ वर्षांत त्यानं सरकारी माणसांच्या तोंडून ऐकलेल्या सबबींत ही सगळ्यात तकलादू होती. “रेडिओ,” तो म्हणाला. “बरं.” आणि टायर आत ओढायला लागला. मोजणीदार गाडीत बसले तोवर शेजारचा रंगवाला पाटी उतरवत होता आणि पलीकडच्या खुर्च्या विणणाऱ्या बाई फक्कीच्या रेघेवर पाणी ओतत होत्या.

शनिवारी आईनं इस्त्रीची साडी नेसली. वही घेतली, दोन पेनं घेतली.  वाटेत फक्त एकदा म्हणाली, “सावकाश चालव गं, अक्षर हलतं.” ती लिहीत नव्हती.

पावणेअकराला टायरच्या दुकानापाशी पोचले तर तिथे पन्नास-साठ माणसं. रस्त्याच्या त्या पट्ट्यातला एकूण एक दुकानदार, त्यांचे भाऊ, मेहुणे, एक वकील. प्रत्येकाच्या हातात जागेचे कागद आणि दुसऱ्या हातात फोन. सगळे कागदांचे फोटो काढून कुठे कुठे पाठवत होते. फक्त टायरवाल्याकडे बटणांचा साधा फोन होता, त्यामुळे तो तोंडानंच बोलत होता.

“आले,” तो म्हणाला.

मोजणीदारांनी गर्दीतून वाट काढली, बाकाच्या उजव्या टोकावर आईला बसवलं, तिच्या कानात इअरफोन घातला, बटण दाबलं.

‘हा कार्यक्रम आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही.’

त्यांनी परत दाबलं. परत तेच. मग त्यांनी साठ फोनांकडे पाहिलं, आणि हेल्पलाइनच्या बाईचा गोड आवाज त्यांच्या कानात वाजला. टॉवरवर गर्दी. मंगळवारी ती खरं बोलत होती. आणि गर्दी कुणी जमवली? गुरुवारी स्वतःच्या हातानं फक्की मारून यांनीच.

“काय झालं?” आईनं विचारलं.

“हद्द हलली.”

“हलते?”

“नाही हलत,” मोजणीदार म्हणाले. चौतीस वर्षांचं तोंड आपसूक बोलून गेलं. “पुढे जाऊ या.”

आई काठी टेकत निघाली. मोजणीदार पुढे, फोन समोर धरून, जसं कुणी काळोखात कंदील धरतं. मागून साठ माणसं. पुढची हद्द गर्दीला पाठ दाखवून पळतेय आणि गर्दी मागे लागलीय, असा तो देखावा होता. शेवटी बायको वळून उभी राहिली. तिच्या पर्समध्ये वाणसामानाची यादी करायची एक चोपडी होती.

“एकेकानं या,” ती म्हणाली. “हरकती लिहून घेते. नाव, दुकान, किती फूट. रांग करा.”

रांग शब्द ऐकताच सगळे थांबले आणि रांगेत कोण आधी यावरून भांडायला लागले.

अकराला चार मिनिटं कमी असताना मायलेक हद्दीच्या दगडाशी पोचले. फोन अजून गप्पच होता. मोजणीदार दगड ओलांडून पुढे गेले, एकेक पाऊल मोजत. चौथ्या पावलाला बँड वाजला. त्यांनी खिशातून छोटी टेप काढून दगडापासून मोजलं. अकरा फूट चार इंच. इअरफोनची वायर साडेतीन फूट. आईला कानात घातल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि बाजूनं ट्रक जात होते.

आई दगडाच्या अलीकडे काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. एका हातात वही चिमटलेली.

“इथून पुढे शहर ना?”

“हो.”

“हा दगड कुणी रोवला?”

“मी.”

“नीट रोवलास?”

अकराला तीन मिनिटं होती. मोजणीदारांनी दगडाकडे पाहिलं. तीन दिवस लागले होते त्याला. चार कोनांतून ताडून पाहिला होता. साहेब म्हणाले होते, असा दगड खात्यात दुसरा नाही. घरी जेवताना त्यांनी हे वाक्य बायकोला निदान दोनशे वेळा ऐकवलं असेल.

“नाही,” ते म्हणाले. “चुकलाय जरा.”

“किती?”

“अकरा फूट... बाराच धर. पुढे हवा होता.”

आईनं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. शाळेत खोटी सही करून आणलेलं प्रगतिपुस्तक तिनं असंच पाहिलं होतं, आणि काही न बोलता परत दिलं होतं. मग वही उघडली, पेनाचं टोपण दातानं काढलं आणि उभ्याउभ्या लिहिलं. अकरा वर्षांत सात वह्यांमध्ये नोंदली गेलेली पहिली चूक ही मोजणीदारांची आहे. ‘दगड, बारा फूट.’

आणि ती दगड ओलांडून गेली.

मावशीचा आवाज आला तेव्हा आईनं डोळे मिटले. लिहायचं काम होतं, तरी मिटले. एक इअरफोन तिच्या कानात, दुसरा मोजणीदारांच्या. पाण्याच्या वेळा, विजेच्या वेळा, एक निळी छत्री, एक पाकीट, बस क्रमांक सात. मावशी गडबडत नव्हती. अडतीस वर्षांचा आवाज, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आईचा चेहरा उतरत चालला. नऊ मिनिटं झाली. तिनं मिटल्या डोळ्यांनीच तारखेपुढे ‘ब’ लिहिला.

“आणि शेवटची सूचना,” मावशी म्हणाली, आणि क्षणभर थांबली. ती कधी थांबत नसे. “टाकीच्या गल्लीत उद्या पाणी सकाळी सहा वाजता येईल. सूचनांमध्ये चूक आढळल्यास कळवा.”

आईचे डोळे उघडले.

“सहाला?” ती म्हणाली. “टाकीच्या गल्लीत दुपारी चारला येतं. जन्मापासून चारला येतंय. तिला कडेवर घेऊन मी घागरी भरल्यात.”

मोजणीदार काही म्हणायच्या आत तिनं फोन त्यांच्या हातातून ओढून घेतला. नंबर तिला अकरा वर्षं पाठ होता. तुमचं ॲप बंद झालं, कारण एका वेळी एकच आवाज, ही तुमची शिस्त. दोन घंटा वाजल्या आणि मावशीनंच उचलला. शेजारीच बसली असावी.

“सूचना विभाग. बोला.”

“चूक आहे,” आई म्हणाली. “टाकीची गल्ली.”

“कळवणाऱ्याचं नाव?”

“ओळखलं नाहीस?”

“नियम आहे. नाव सांगावं लागतं.”

आईनं नाव सांगितलं, आडनावासकट, माहेरच्या आणि सासरच्या.

“वाचणाऱ्या व्यक्तीशी काही नातं?”

ट्रक गेला. दुसरा गेला.

“मोठी बहीण.”

“नोंद घेतली,” मावशी म्हणाली. मग आवाज जरा बदलला. “अकरा वर्षांत एक सापडली नाही तुला?”

“तू केलीच नाहीस.”

 मोजणीदार दगडाकडे बघत राहिले. तो त्यांना आपल्या जागी अगदी बरोबर दिसत होता.

“ठेव आता,” मावशी म्हणाली. “दुरुस्ती वाचायचीय मला. नाहीतर उद्या सहाला अख्खी गल्ली बादल्या घेऊन उभी राहील. तुझा उल्लेख करावा लागेल त्यात. ऐक.”

आईनं फोन ठेवला आणि मोजणीदारांच्या हातात कोंबला. “लाव, लाव लवकर. दुरुस्ती वाचतेय. माझं नाव घेणारे.”

मोजणीदारांनी बटण दाबलं. त्याच वेळी मागून पायांचा आवाज आला. बायकोची चोपडी भरली होती, आणि रांग मोडून साठ माणसं, साठ फोन आणि एक वकील दगडापाशी येऊन थडकले होते.

‘हा कार्यक्रम आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही.’

तर ही गोष्ट आहे. आता त्या दोघी रोज अकराला फोनवर बोलतात, तासभर, आणि एकमेकींची व्याकरणासकट हजेरी घेतात. त्यांच्या बोलण्याला तुमचा प्रदेश आडवा येत नाही. तोच आवाज, तेच शहर, तोच फोन. पण दुरुस्तीत काय म्हणालीस हे आई रोज विचारते आणि मावशी रोज सांगते, “ऐकायला हवं होतंस.” तुमच्याकडे रेकॉर्डिंग मागितलं. तुम्ही उत्तर दिलंत, तेही उपलब्ध नाही, प्रदेशात.

आणखी एक. दगड चुकलाय हे मोजणीदारांचं वाक्य टायरवाल्यानं रांगेतून सटकून, मागोमाग येऊन ऐकलं होतं. त्यानं खात्याला रीतसर अर्ज दिला. खात्याचं पत्र आलं: शहर हद्दीचा दगड चुकीच्या जागी रोवल्याची कबुली आपण जाहीरपणे दिली, हे खरं आहे काय? ‘नाही’ लिहावं तर आईची शपथ मोडते. ‘होय’ लिहावं तर चौतीस वर्षं जातात. आठ दिवस पत्र टेबलावर होतं. बायको त्यावर धूळ बसू देत नव्हती. नवव्या दिवशी मोजणीदारांनी शाईचं पेन काढलं, पत्राखाली ‘होय, बारा फूट’ असं लिहिलं, सही केली आणि स्वतः पोस्टात टाकून आले. त्या दिवशी बायकोनं त्यांना ओट्याजवळ उभं राहून चहा पिऊ दिला.

एका माणसानं न केलेली चूक लेखी कबूल केली आहे. आता केलेल्या चुकीबद्दल तुमची पाळी. तुमच्या प्रदेशाची खुंटी कुठे आहे, ती कुणी ठोकली, आणि गर्दी पाहून ती कशी पळते, हे कळवा. आणि त्या शनिवारी, अकरा वाजून चौदा मिनिटांनी, शेवटच्या दुरुस्तीत, मावशी तुमच्या माइकवर काय म्हणाली? ‘एका जागरूक श्रोत्यानं’ म्हणाली, की ‘माझ्या मोठ्या बहिणीनं’ म्हणाली? आईच्या सातव्या वहीत त्या तारखेपुढे नुसता ‘ब’ आहे, आणि पुढची जागा कोरी आहे. पंधरा दिवसांच्या आत लेखी उत्तर द्या.